झोपाळ्यावरचं क्रियापद

"ताकेमुस," असं ओसरीतल्या झोपाळ्यावरून आलं आणि माझ्या हातातली भाकरी तव्याऐवजी ओट्यावर पडली. शनिवारची सकाळ होती. घरात माणसं दोनच, मी आणि माझे सासरे. भाकरी थापता थापता मोबाइल डब्यांच्या फळीला टेकवून मी रोजच्यासारखी लॅटिनची क्रियापदं म्हणत होते. ताकेओ, मी गप्प राहते. ताकेस, तू गप्प राहतोस. ताकेत, ती गप्प राहते. पुढचं रूप तोंडाशी येऊन अडलं, कारण तेवढ्यात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठात पाणी जास्त झालं आणि माझं लक्ष परातीत गेलं. आणि त्या अडलेल्या जागेत भिंतीपलीकडून, बसलेल्या, खरखरत्या आवाजात, पण अगदी बिनचूक आलं, ताकेमुस. आम्ही गप्प राहतो. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली मला. सासरे, गिरधर आबा, माझ्याशी बोलले तो हा पहिला शब्द, आणि तोही रोमचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गॅस बंद केला, मोबाइल बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. सोमवारी सकाळी त्यांना सुरतेला नेणार होते, घशाच्या ऑपरेशनला. आवाजाची पेटीच काढून टाकणार, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे ह्या माणसाच्या गळ्यात आता दोन दिवसांचा आवाज उरला होता, आणि बारा वर्षांपासून एक वाक्य ते माझं देणं लागत होते. ते वाक्य त्यांच्या तोंडून मला हवं होतं. त्याच्या जागी मला हे मिळालं.

आमच्या घरात सून सासऱ्यासमोर बोलत नाही आणि सासरा सुनेशी बोलत नाही. पुण्याच्या बायकांना हे सांगितलं की त्या म्हणतात, अय्या, अजून आहे हे? आहे ना. शहाद्यात, नव्या कॉलनीत, स्लॅबच्या घरात, वायफायसकट आहे. सासरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला की खाकरतो. खाकरला की सुनेनं पदर पुढे ओढायचा, तोंड भिंतीकडे करायचं, आणि वेळ पाहून पाणी नाहीतर चहा उंबऱ्यावर ठेवून मागे सरायचं. बाकी बोलणं सासूच्या मार्फत. माझ्या सासूबाई, मंगलाबाई, होत्या तोवर आमच्या दोघांमध्ये दुभाष्याचं काम करायच्या. मी तीन हातांवर उभी असायची आणि आबा त्यांना म्हणायचे, तिले सांग, भाजीमां मीठ जास्त शे. त्या माझ्याकडे वळून म्हणायच्या, भाजीमां मीठ जास्त शे. जसं काही माझे कान सुरतेला ठेवलेले होते. मी त्यांना सांगायची, त्यांना सांगा उद्यापासून कमी घालीन, आणि सासूबाई तेही इमानेइतबारे पोचवायच्या. सुरुवातीला मला हसू यायचं. मग हसू संपलं. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, नवरा कारखान्यात, मुलगी रुपा नाशिकला कॉलेजात, आणि दिवसभर घरात मी आणि ते खाकरणं उरलो.

आणि त्या खाकरण्यानंच पुढे घात केला. गेल्या दिवाळीपासून आबांचं खाकरणं वाढलं होतं. मी प्रत्येक वेळी पदर ओढत होते आणि मनात म्हणत होते, झालं, आता दर अर्ध्या तासाला चहा लागतो. शेजारीपाजारी म्हणायचे, आबा जुन्या वळणाचे, घरात सून आहे याचं भान ठेवतात. सुरतेच्या डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधीपासून आहे, तर माझे यजमान भूपेशराव म्हणाले, खोकला नाही डॉक्टर, ते खाकरतात, घरात सून आहे ना. डॉक्टर बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले म्हणे. हे मला भूपेशनंच येऊन सांगितलं, तेही हसत. इथे मी त्याचं नाव घेते आहे, घरात घेत नाही. गाठ सुपारीएवढी झाली तोवर सगळं घर तिला मर्यादा समजत होतं. मी सुद्धा.

आता लॅटिन कशाला, ते सांगते. माझं बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं, लग्नात. सासूबाई गेल्यावर रुपानं माझ्या मोबाइलवर इंग्रजी शिकायचा कोर्स टाकून दिला. मी मोठ्या उत्साहानं चार दिवस म्हटलं, तर भूपेश जेवताना म्हणाला, "इंग्रजी कोनसंगे बोलशी तू?" वाईट बुद्धीनं म्हणाला नाही. खरंच प्रश्न पडला होता त्याला. मी वाढायचं थांबवून विचार केला, खरंच की. कोणाशी बोलणार? अहिराणी आहे, तिच्यात बोलायला मनाई. मराठी आहे, गुजराती कळते, हिंदी टीव्हीनं शिकवली, कशातच बोलायचं नाही, मग पाचवी भाषा कशाला? त्या दुपारी मी इंग्रजीचा कोर्स काढून टाकला आणि यादी पाहत बसले. लॅटिनखाली लिहिलं होतं की ही भाषा आता कुठेच बोलली जात नाही. म्हटलं, हीच. जी बोलायला जगात माणूसच लागत नाही, ती माझी भाषा. रागानं घेतली ती मी, हौसेनं नाही.

शिकवणारा एक गोरा म्हातारा मास्तर होता, पुस्तकांच्या कपाटापुढे बसून बोलणारा, उन्हाळ्यातही स्वेटर घालणारा. त्याची एकच शिस्त. वाक्य मोठ्यानं म्हणायचं आणि लगेच त्याचा अर्थ आपल्या भाषेत, तोही मोठ्यानं. मनातल्या मनात म्हटलेलं क्रियापद शिकल्यात जमा नाही, असं तो दर धड्याला बजावायचा. मग मी म्हणायची. आग्रिकोला आक्वाम पोर्तात, शेतकरी पाणी वाहून नेतो. कुठला शेतकरी? आमच्याकडे शेतकरी मोटरचं बटण दाबतो, पाणी बाई वाहून नेते. आंकिल्ला केनाम पारात, दासी जेवण तयार करते. हे बरोबर. मातेर फिलिआम वोकात, आई लेकीला हाक मारते. रेगिना रोसास आमात, राणीला गुलाब आवडतात. आवडू देत बाई, तुला कोण अडवतं. सोपी सोपी वाक्यं. एक माणूस, एक काम, संपलं. कोणी कोणाच्या मार्फत काही करत नाही. ती वाक्यं म्हणताना मला पहिल्यांदा माझा स्वतःचा आवाज त्या घरात ऐकू आला आणि दचकायला झालं. इतका जाड आवाज आहे माझा? आबा बाहेर झोपाळ्यावर असायचे. कड्यांचा आवाज येत राहायचा. त्यांनी कधी खाकरून अडवलं नाही. सुनेनं बोलू नये हे खरं, पण हे बोलणं थोडंच होतं. कुणाला कळत नाही ते बोलणं कसलं?

पुढे पुढे मी त्याच शब्दांतून माझी वाक्यं बनवायला लागले. सेनेक्स म्हणजे म्हातारा. सेदेत म्हणजे बसतो. सेनेक्स सेदेत एत ताकेत, म्हातारा बसतो आणि गप्प राहतो. हे मी ओसरीच्या भिंतीकडे तोंड करून ठासून म्हणायची. भाकरी थापताना प्रत्येक थापेला एक शब्द. सेनेक्स नोन विदेत, म्हाताऱ्याला दिसत नाही. यांचे अर्थ मात्र मराठीत म्हणायची नाही, एवढी हुशारी. दीड वर्ष मी त्या माणसाला त्याच्या घरात, त्याच्या तोंडावर, मोठमोठ्यानं बोलून घेतलं आणि मनात म्हटलं, कशी जिरवली. आणि त्या शनिवारी ओट्याला धरून उभी असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सेनेक्स म्हणजे म्हातारा, हे मी ती वाक्यं जुळवायच्या आदल्या आठवड्यात मास्तरच्या शिस्तीप्रमाणे भिंतीला ऐकू जाईल असं घोकलं होतं. सेदेतही घोकलं होतं. भिंतीपलीकडच्या माणसाला दुसरा काही उद्योग नव्हता. त्यांनी एकेक शब्द अर्थासकट उचलला होता. माझी एकुलती एक जागा होती बोलायची, तिथेही हे येऊन बसले होते. झोपाळा हलवत.

ते वाक्य कोणतं, जे ते माझं देणं लागत होते? सांगते. बारा वर्षांपूर्वीचा एप्रिल. माझ्या बापाचं नाव धुडकू. तापीपलीकडे गाव, शहाद्याहून तासाभराचं अंतर, केळीच्या जमिनीचे चार तुकडे आणि तोंडात सदा गाणं. सासरी मी वर्षानुवर्षं गप्प असायची म्हणून माहेरी गेले की तो मला बैलगाडीत शेजारी बसवायचा आणि म्हणायचा, बोल आते, कितलं बोलनं शे तितलं बोल. आता हवं तितकं बोल, म्हणजे. शेतापर्यंत मी बोलत जायची आणि शेतातून बोलत यायची. तो फक्त हूं हूं करायचा. त्या एप्रिलात तो केळीच्या बागेत पाणी भरताना बसला तो उठलाच नाही. माझ्या भावानं, हेमराजनं, आमच्या घरी फोन केला. तेव्हा मला मोबाइल नव्हता. फोन ओसरीत, झोपाळ्याच्या शेजारच्या कोनाड्यात. घरात मी आणि आबा. सासूबाई रुपाला घेऊन नवापूरला लग्नाला गेलेल्या, निम्मी गल्ली त्याच लग्नाला. भूपेश पुरुषोत्तमनगरला कारखान्यात, उसाच्या गाळपाचे शेवटचे दिवस. फोन आबांनी उचलला. हेमराजनं सांगितलं, बाप गेला, ऊन फार आहे, ठेवता येणार नाही, कामिनीला लगेच पाठवा. आबांनी ऐकलं, फोन ठेवला, कारखान्यात निरोप ठेवला की भूपेशला घरी धाडा, आणि झोपाळ्यावर बसले. निरोप भूपेशला संध्याकाळी मिळाला. सगळी दुपार माझ्या बापाचं मरण त्यांच्या तोंडात होतं आणि दहा पावलांवर मी उन्हाळ्याचे पापड लाटत होते. उडदाचे पापड. गुणगुणत होते मी, याची मला आजही लाज वाटते आणि मग लाज वाटते याचाच राग येतो. मी माहेरी पोचले तेव्हा तापीकाठी राख होती. हेमराज म्हणाला, तुन्ही वाट पाह्यी, बहीण, भलती वाट पाह्यी. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याला वाटतं मी मुद्दाम उशीर केला, पापड संपवून निघाले.

परत आल्यावर मी भूपेशला विचारलं, त्यांनी मला का सांगितलं नाही? भूपेश म्हणाला, आबांनी तरी काय करायचं होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं. दुसरं कोणी नव्हतं. मी होते ना! सांगायचं कोणाला होतं, मला. आणि मी होते. हे एवढं साधं त्याला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. वाईट माणूस नाही तो, पगार हातात आणून देतो, पण त्याला हे कळत नाही. सासूबाईंनी डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, त्यांनी दोन दिवस जेवण टाकलं. म्हणजे त्याचंही मीच कौतुक करायचं. त्यानंतर बारा वर्षं मी त्या माणसाला दोन वेळा भाकरी वाढली, गरम वाढली, कधी करपू दिली नाही. मला कोणी सांगितलं असतं की विष घाल तर घातलं नसतं. पण रोज वाढताना मनात एकच, तुम्ही बोलला असतात तर मी माझ्या बापाचं तोंड पाहिलं असतं.

शनिवारी मी उरलेल्या भाकऱ्या मुकाट केल्या. रविवारी ठरवलं, मोबाइल उघडायचाच नाही. दुपारी भांडी लावत होते. भूपेश डॉक्टरांचे कागद झेरॉक्स करायला गेला होता. झोपाळा थांबला. खाकरले, पण उंबऱ्याशी आले नाहीत, तिथूनच. मग तो आवाज, जसा पत्र्यावरून दगड ओढावा, "सेनेक्स ताकेत." थांबले. दम घेतला. "फिलिआम नोन वोकात." म्हातारा गप्प राहतो. लेकीला हाक मारत नाही. माझ्याच शिव्या, मास्तरचीच वाक्यं, तोडून जोडलेली. माझ्या हातात पितळी तांब्या होता. क्षणभर वाटलं की बाहेर जाऊन पायावर पडावं. दुसऱ्या क्षणी वाटलं की हा तांब्या ओसरीत फेकून मारावा. माफी मागायची, तर तीसुद्धा अशा भाषेत की उद्या कोणी विचारलं तर म्हणता यावं, मी कुठे सुनेशी बोललो? मर्यादा शाबूत, मनही हलकं. आणि मी काय करायचं होतं? पदराआडून म्हणायचं की ठीक आहे, चालायचंच, तेही लॅटिनमध्ये? माझा बाप रोममध्ये मेला नव्हता. तो तापीकाठी मेला, अहिराणीत मेला. तांब्या फळीवर आपटून ठेवला. बाहेर झोपाळा परत हलला नाही.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. उद्या पेटी काढतील. मग हा माणूस पाटीवर लिहून चहा मागेल, मी देईन, तो मरेल, मी रडेन, लोक म्हणतील कशी लेकीसारखी केली सुनेनं. आणि ते वाक्य त्या कापून काढलेल्या पेटीबरोबर सुरतेच्या दवाखान्याच्या बादलीत जाईल. कल्पनेनंच माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सोमवारी सकाळी गाडी दारात लागली. ड्रायव्हर काच पुसत होता, भूपेश डिकीत पिशव्या लावत होता, समोरच्या ओट्यावर दोन बायका निरोपाला येऊन उभ्या. आबांनी धुतलेलं धोतर, टोपी घातलेली. मी थर्मासमध्ये ऊन पाणी भरून स्वयंपाकघरातून निघाले आणि ते ओसरीतून आत वळले, देवाला नमस्कार करायला. उंबऱ्याच्या अल्याड मी, पल्याड ते. ते खाकरले. माझा हात आपोआप पदराकडे गेला. सव्वीस वर्षांचा हात तो, तो जाणारच. अर्ध्यात गेला आणि मी तो खाली घेतला. भिंतीकडे वळले नाही. पहिल्यांदा समोरून पाहिलं त्यांना. डोळे पिंगट आहेत त्यांचे, रुपासारखे. मला माहीतच नव्हतं.

"आबा, तो दिन फोन तुम्हीच उचला व्हता," मी म्हटलं. "माले काबर सांगं नही?"

समोरच्या बायका ओट्याच्या कडेला आल्या. भूपेश डिकी उघडी टाकून आत आला आणि स्वयंपाकघराकडे हात करून म्हणाला, तू मझार जाय. मी गेले नाही. आबांनी त्याला हातानं थांबवलं. मग त्यांचे ओठ हलले, आणि मला कळलं काय येणार ते, कारण पहिलं अक्षर स होतं.

"ते नका," मी म्हटलं. "आपली बोलीमां बोला."

त्यांनी दाराची चौकट धरली. ड्रायव्हरनं काच पुसणं थांबवलं.

"मी खाकरनू," ते म्हणाले. "दोनतीन डाव उंबरापान उनू, खाकरनू. तू च्या लई उनी."

आणि मला ती दुपार दिसली. पापड, घाम, आणि लागोपाठचे चहा. तिसऱ्या वेळी मी बशी आपटली होती उंबऱ्यावर, म्हटलं होतं मनात, एवढ्या उन्हात म्हाताऱ्याला कसली तल्लफ. पदर हनुवटीपर्यंत होता, मला फक्त त्यांचे पाय दिसले होते. पाय हलत नव्हते, हे मात्र मला आठवलं. ते तिथे उभे होते, चहा उचलूनही उभेच होते, आणि मी भिंतीकडे तोंड करून वाट पाहत होते की कधी जातात. सगळे चहा प्याले ते. तोंडात ते वाक्य आणि वर चहा. माझा राग गेला का? नाही गेला. उलट वाढला. एका शब्दाचं काम होतं आणि हा माणूस चहा पीत उभा राहिला. आणि मी चहा करत राहिले.

"खाकरनं म्हनजे सांगनं नही, आबा," मी म्हटलं. माझा आवाज तोच होता, जाड, क्रियापदांचा. "आते सांगा. तो दिन सांगनं व्हतं, तसं सांगा."

भूपेश काहीतरी म्हणाला, बहुतेक उशिराबद्दल. आबांनी टोपी काढली. मौतीचा निरोप सांगायला जाणारा माणूस काढतो तशी काढून हातात घेतली. आवाज फुटेना. दुसऱ्यांदा फुटेना. मी थर्मास खाली ठेवला आणि उभी राहिले, कारण मला आता कुठेही जायचं नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले, "तुन्हा बाप गया."

मी उंबऱ्यातच बसले. आणि रडले, मोठ्यानं, कॉलनीला ऐकू जाईल असं, उघड्या डोक्यानं, जसं रडायचं असतं तसं बापाचं नाव घेऊन. त्या बायका ओट्यावरून धावत आल्या, एकीनं विचारलं कोण गेलं, दुसरीनं काहीच विचारलं नाही, पाठीवर हात ठेवला. भूपेश पुन्हा पुन्हा घड्याळ पाहत होता. आबा टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभे होते. माझं रडणं संपेपर्यंत ते एकदाही खाकरले नाहीत.